बापूंचा राजीनामा

नंदुरबार,
रविवार, ता. ७ जानेवारी १९६२,
सकाळचे सव्वासात

प्रिय नर्मदाताई,

घासलेटात चिंधी बुडवून नखांतली शाई काढत बसलो होतो, आणि मनाशी ठरवलं की आज तुला लिहायचंच. बोटं पुरती स्वच्छ निघाली नाहीत. कागदाच्या कडेला डाग दिसला तर तो शाईचा. पाकिटावरचा पत्ता मी पुन्हा पुन्हा तपासला आहे. मागच्या वेळी सवयीनं 'पश्चिम खानदेश' लिहून बसलो आणि पत्र पंधरवड्यानं फिरून माझ्याच हाती आलं. आता 'जिल्हा सुरत' लिहितो. लिहिताना दरवेळी वाटतं, तुला दुसऱ्यांदा सासरी पाठवतो आहे.

छापखान्यात सध्या एकच काम आहे. आपले खासदार इंद्रसिंगबापू, त्यांचं पुस्तक. निवडणूक पुढच्या महिन्यात, म्हणून मालकांनी लग्नपत्रिकासुद्धा बाजूला ठेवायला लावल्या. पुस्तकाचं नाव 'दिल्लीतील सिंहनाद'. पाच वर्षांत बापू लोकसभेत जे जे बोलले ते सगळं त्यात यायचं आहे. ते सगळं मिळून किती भरलं असेल? जाड टाइपात, ओळीत भरपूर अंतर सोडूनही नऊ पानं भरेनात. मग पुढे फोटो घातले, मागे मानपत्रं घातली, आणि मधे त्यांच्या भाच्यानं केलेली कविता, जिच्यात 'सिंह' हा शब्द दोन प्रकारे लिहिला होता. मी तो एक केला.

दिल्लीहून छापील वृत्तांत आला आहे, त्यावरून मालक मराठी करतात आणि मी शिशाचे खिळे जुळवतो. वाचून पाहिलं तर सिंह एकदा म्हणाला आहे की टाप्टी लाइनच्या गाड्या उशिरा येतात. मंत्र्यांनी विचारलं, कोणती गाडी? बापू म्हणाले, सगळ्याच. एकदा कापसाच्या भावावर उठले आणि बोलले उसावर. कारण उसाचं भाषण आदल्या दिवशी राहून गेलं होतं आणि कागद खिशात तोच होता. अध्यक्षांनी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "दोन्ही शेतातच होतात." तिथे वृत्तांतात कंसात छापलं आहे: (हशा). असा हशा जागोजाग आहे.

प्रूफ वाचून दाखवायला मी त्यांच्या बंगल्यावर जातो. बापू स्वतः वाचत नाहीत. कळण्याची भाकर आणि भरीत पुढ्यात घेऊन बसतात आणि मला म्हणतात, "वाच रे दगा, सावकाश." पहिला हशा आला तसा त्यांनी घास थांबवला. "हाशा काढी टाक. तठे टाया मांड." म्हणजे लोक हसले तिथे लोकांनी टाळ्या वाजवल्या असं छापायचं. मी सगळे हशे काढले. टाळ्या इतक्या झाल्या की खिळ्यांच्या केसमधले ळ संपले. 'केळी' अडली, 'तळोदा' अडला. शेवटच्या पानावर बापूंनी गावोगाव काय काय उघडलं त्याची यादी आहे, तिथे 'शाळा' अडली. ळ उसना आणायला मला दुसऱ्या छापखान्यात जावं लागलं. त्यांचा खिळेवाला म्हणाला, "कोण इतकं भाळलंय रे?" मी म्हटलं, कोणीच नाही, म्हणून तर लागतात.

आता ज्या भाषणासाठी हे लिहितो आहे त्याकडे येतो. साठ साली महाराष्ट्र-गुजरात वेगळे करण्याचं विधेयक आलं, तेव्हाचं. त्याआधी बापू तुमच्या ओट्यावर बसून म्हणाले होते की तुमचं गाव तिकडे गेलं तर मी राजीनामा देईन. हिलालबाबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. तुझा सासरा, जो देवळातही कमरेत वाकत नाही. आणि मे महिन्यात बापू परत आले, म्हणाले की मी भर सभेत राजीनामा बोललो, तेव्हा त्याच हिलालबाबांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मी तिथे होतो. गाव गुजरातेत गेलं त्याला महिना झाला नव्हता आणि आपण गुलाल उधळत होतो.

ते भाषण काल वाचून दाखवलं, मालकही सोबत होते. बापू हिंदीत बोलले होते: हमारे गाँव गये, तो मैं राजीनामा देने को तैयार हूँ. त्यापुढे मात्र वृत्तांतात खरोखरीच्या टाळ्या आहेत, आणि अध्यक्षांनी बापूंचे समजूतदारपणाबद्दल आभार मानले आहेत. मला उलगडा होईना. राजीनाम्याला आभार कसले? मी अडखळलो ते बापूंनी पाहिलं आणि भाकरीचा तुकडा हातात धरून इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "अरे येड्या, तिकडचे लोक राजीनामा म्हणतात तडजोडीले. सोडाले इस्तीफा म्हणतस." म्हणजे, ताई, आमची गावं घ्या, मी राजी आहे, असं त्या सभेनं ऐकलं. एका उत्तरेकडच्या सभासदानं बाहेर येऊन त्यांना मिठी मारली तेव्हा बापूंना ते कळलं. आत जाऊन दुरुस्त करायला दार उघडंच होतं. ते चहा प्यायला गेले.

मालकांनी हळूच विचारलं, मग पुस्तकात काय ठेवायचं? बापू म्हणाले, "राजीनामाच. मोठ्ठा टाइप. मराठी माणूस मराठीच वाचीन ना?"

मी आयुष्यात पहिल्यांदा वडीलमाणसापुढे न विचारता बोललो. म्हटलं, बापू, पलीकडे हिलालबाबा अजून वाट पाहत आहेत. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "हिलाल? तो ते आते गुजरातमा शे. त्यान्हं मत कोणले?" कुत्सितपणा नव्हता त्यात. हिशेब होता. आईनं पोरं जगत नव्हती म्हणून माझं नाव दगा ठेवलं. काम बघ कोणाच्या वाट्याला आलं.

मी तो शब्द मोठ्या टाइपात जुळवला. नोकरी आहे, आणि शुद्धलेखनात चूक नव्हती.

पण एक काम मला कोणी सांगितलेलं नाही, ते करतो आहे. हिलालबाबांनी तुझ्या वत्सलेला दुसरीतून काढून घरी बसवलं, कारण शाळा गुजराती झाली. तू मागे लिहिलंस की ते म्हणतात, "राजीनामा तठे पडेल शे. तो मंजूर व्हत नही तोवर गावबी मधमाच शे, पोर कोणती बी भाषा शिकाव नही." ताई, तिथे काही पडलेलं नाही. तो त्याच दिवशी मंजूर झाला, टाळ्यांनी. हे पत्र रात्री चुलीपाशी एकटीनं वाचू नकोस. दिवसा ओट्यावर बस आणि बाबांना ऐकू जाईल असं वाच. रागावले तर माझं नाव सांग. मग वत्सलेचं बोट धरून तिला शाळेत घेऊन जा, जूनची वाट पाहू नकोस. तुमच्या घरी गुजरीच बोलतात, ती गुजरातीच्या जवळचीच, तिला अक्षरं तेवढी नवी, वरची रेघ नसलेली. मी एकच साल घरी बसलो आणि सातवीतून कायमचा निघालो. तिची दोन गेली.

तुझाच धाकटा,
दगा

सोबत पुडकं आहे. त्याचा खर्च:
गुजराती पहिलं पुस्तक: ४० नये पैसे
पाटी, लाकडी चौकटीची: ६२ नये पैसे
टपाल: ३० नये पैसे
एकूण: १ रु. ३२ न. पै. हे तू देणं लागत नाहीस.
येणं: वत्सलेची दोन वर्षं, इंद्रसिंगबापूंकडून. बुडीत धरावं.