अमेरिका बंद, ब्लॅकटाउन चालू

२ ऑक्टोबर, दसरा
वॉशिंग्टनला बजेटवरून भांडणं, म्हणून अमेरिकन सरकार बंद. त्याच्या सिडनीतल्या ऑफिसात नोकरी करणारा मी ब्लॅकटाउनला घरी. अत्यावश्यक नसलेल्यांच्या या सक्तीच्या सुट्टीला फर्लो म्हणतात. नियम कडक: काम करायचं नाही, फुकट करतो म्हटलं तरी नाही. पगार नंतर एकदम, बॅक पे. म्हणजे बसल्या जागी सोनं!
संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. कुंपण रंगवणे. लेक रुचाला मराठी वाचायला शिकवणे.

३ ऑक्टोबर
बायको शुभदा म्हणाली, घरीच आहेस तर भांड्यांचं बघ. तिला नियम समजावला. सरकार काम करू नको म्हणतंय, कायद्याशी खेळ नको. ती स्वतःच भांडी घासायला लागली. पटलं असावं.

८ ऑक्टोबर, सकाळी ११
प्रणवचा फोन. ऑफिसातला, तोही फर्लोवर. म्हणाला, बॅक पे मिळेलच असं नाही. शुभदाला सांगितलं नाही. डबल शिफ्ट करून आलेल्या नर्सला टेन्शन देऊ नये.
कुंपण: रंगाच्या शेड्स बघितल्या.

१५ ऑक्टोबर
चालणं स्थगित. मॅगपाय पक्ष्यांचा विणीचा हंगाम, डोक्यावर झडप घालतात.
ऑफिसातून अजून बोलावणं कसं नाही? मासिक अहवाल माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. टेबलावर ढीग साचला असेल. बॉसची कीव येते.

१८ ऑक्टोबर
शुभदा शिफ्टवरून येऊन चकल्या करत होती. सोऱ्या फिरवून दे म्हणाली. नियम. चव मात्र घेतली, ते काम नव्हे. रुचा म्हणाली, डॅड इज नॉन-इसेन्शल. मुलीचं इंग्रजी फार झालंय. मराठीचा पहिला धडा सोमवारी नक्की.

१३ नोव्हेंबर
सरकार उघडलं! ऑफिसचा शर्ट आटलाय.

१४ नोव्हेंबर
टेबल स्वच्छ. अहवालाचं विचारलं तर बॉस म्हणाली, तो आता नकोच, त्याच्याशिवाय काही अडलं नाही. वाईट वाटलं. ती दमली असेल.

२१ नोव्हेंबर
बॅक पे आला! शुभदाला ऐटीत सांगितलं, न केलेल्या कामाचा पूर्ण पगार. ती शांतपणे म्हणाली, छान. तुला पगार मागाहून मिळाला, तसं मला आता काम मागाहून दे. त्रेचाळीस दिवस आयतं जेवलास.
फ्रिजवर तक्ता लागला: 'भांडी. बाबा. ४३ दिवस.' अक्षर रुचाचं. मराठीत. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, आई, आफ्टर हर शिफ्ट.


२२ नोव्हेंबर
दिवस पहिला. दिवाळीतला सोऱ्या माझ्यासाठी तसाच राखून ठेवला होता. आतलं पीठ दगड झालंय.
प्रणवचा फोन. जानेवारीअखेर सरकार परत बंद पडू शकतं म्हणे. देवापुढे दिवा लावला, अमेरिका चालू राहू दे.
घरात सांगितलं नाही. तक्त्याखाली रुचानं बरीच जागा सोडलेली आहे.