लढलेल्यांना अर्ध्या किमतीत चष्मा

९ जानेवारी, गुरुवार

ठरलं! आपल्या दुकानात माजी सैनिकांना अर्ध्या किमतीत चष्मा. येत्या रविवारपासून सव्वीस जानेवारीपर्यंत. नितेश म्हणाला, "दुकान टाकलं का धर्मशाळा, वर्षाली?" म्हटलं, तुझ्याच वडिलांसाठी चाललंय सगळं!

आणि खरंच त्यांच्यासाठीच आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सतरा वर्षं फौजेत होते. सून अकोल्यात जठारपेठेत चष्मे विकते आणि सासऱ्यांच्या चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली! तीन वर्षांत चार फ्रेमी त्यांच्यासाठी बाजूला काढल्या. एकीला हात लावला नाही. "फुकटचं मले पचत नाही." बरं बापा, फुकट नको तर सवलतीत घ्या. हक्कानं घ्या! आता काय बोलतील?

१२ जानेवारी, रविवार

बोर्ड लागला! केशरी अक्षरं, लांबून दिसतात. "देशासाठी लढलेल्या वीरांना अर्ध्या किमतीत चष्मा! ओळखपत्र आणा." शेजारच्या मॅचिंग सेंटरवाल्या गीतांजलीनं फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. मी आत-बाहेर करत होते, पाय एका जागी ठरेनात.

एक वाजता मामाजी सायकलवर माझा डबा घेऊन आले. रोज येतात. घरचा स्वयंपाक त्यांचाच, मला ओट्याजवळ फिरकू देत नाहीत. डबा कसला, तर पोळीत भाजी घालून घट्ट गुंडाळी, खाली कागदाचा पीळ. शाळेतल्या पोरीसारखी मी ती गिऱ्हाइकांसमोर खाते. किती वेळा सांगितलं, पोळी वेगळी द्या, भाजी वेगळी द्या — ऐकतील तर शपथ.

मान मागे टाकून त्यांनी बोर्ड वाचला. मी लाडानं विचारलं, "कार्ड आणलं का, मामाजी?"

"कायचं कार्ड? मी का लढलो व? पोळ्या लाटल्या मी."

डबा ठेवला, सायकल वळवली, गेले.

फौजेत ते स्वयंपाकी होते हे मला माहीत आहे. आमच्या गावी, भातकुलीत, त्यांना "पोळ्यावाला फौजी" म्हणतात. तेही हसतात. मग आज काय झालं?

१३ जानेवारी

सात जण आले! एक आजोबा तर वरूडहून! पिशवीभर संत्री देऊन गेले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ देता देता हात दुखले. एका फौजीच्या बायकोला नव्या चष्म्यातून सुईत दोरा ओवता आला तर तिनं माझे हातच धरले. मी रडले. हो, रडले, कागदापासून काय लपवायचं!

मामाजींनी तिळगूळ दिला. बोर्डाकडे पाहिलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

डोकं चाललं माझं! सूट नको तर सत्कार. सव्वीसला दुकानापुढे खुर्ची, शाल, श्रीफळ. पत्रिकाच छापून आणल्या: "वीर योद्धा पंजाबराव यांचा सत्कार". गीतांजली म्हणे, "लाजतात व जुने लोक. एकदा खुर्चीत बसवलं का बसतात." बरोबर आहे! घरी जाऊन पत्रिका मुद्दाम त्यांच्या ताटाशेजारी ठेवणार आहे.

१८ जानेवारी

कुठून बुद्धी झाली!

त्यांनी पत्रिका वाचली. चष्मा काढला, दांडीचा दोरा नीट केला, परत घातला. म्हणाले, "योद्धा? ज्यायनं लढून जीव देला त्यायचं नाव घे, सूनबाई. चारचौघात मले खोटं नको पाडू." ताटावरून उठले. आवाजही चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

आज डबा नितेशसोबत आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

१९ जानेवारी

आजही नितेशच.

२० जानेवारी, सोमवार

आधी हे लिहिते, बाकी सगळं नंतर.

दुपारी अब्दुल गफ्फार चाचा चष्मा न्यायला आले. अकोल्यातलेच, निवृत्त हवालदार, गेल्या बुधवारी नंबर काढून गेले होते. काउंटरवर माझा डबा उघडा होता. चाचांनी नवा चष्मा लावला आणि आधी डब्यातच पाहिलं.

"बेटी, ये किसने बांधा?"

सांगितलं, सासऱ्यांनी.

"लांगरी होते का फौजेत?"

लांगरी म्हणजे फौजेतला स्वयंपाकी, एवढं ठाऊक होतं. पण यांना कसं कळलं?

"असी गुंडाळी लांगरीच बांधते. एका हातानं खावाले. दुसरा हात बंदुकीवर राह्यते ना!" चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. डब्यापुढे! "बर्फात चार-चार दिवस रस्ता बंद. हे लोकं पाठीवर जेवणाची डेग बांधून, दोर धरून वर येत. गोळी क्या पूछती है, तू लांगरी है या सिपाही? आमच्या चौकीवरचा येता येता गेला. डेग आमाले भेटली. तो नाही भेटला."

मी माझी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. उभ्या उभ्या एका हातानं खाल्ली. खाली सांडलं नाही काही.

आणि मी म्हणते पोळी वेगळी द्या! आणि मी केशरी रंगात लिहिते "लढलेल्या"! बोर्ड मीच लिहिला, मामाजींना त्यातून बाहेरही मीच काढलं. वर पत्रिका छापून जखमेवर मीठ!

२१ जानेवारी

पत्रिका बंबात घातल्या. पेंटरला बोलावलं. जुना उतरवून नवा बोर्ड, या वेळी आतल्या भिंतीवर, तपासणीच्या खुर्चीसमोर. तो म्हणे, "ताई, वीर-बीर काहीच नाही लिवायचं का?" म्हटलं, नाही. मी सांगते तेवढंच.

मामाजींना मी सांगितलं नाही. खुर्ची नाही, शाल नाही. फक्त रात्री जेवताना मी म्हटलं, "उद्यापासून गुंडाळ्या दोन द्या. एक पुरत नाही." त्यांनी वर पाहिलं.

२२ जानेवारी

डब्यात दोन गुंडाळ्या! आणल्या मात्र नितेशनंच.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या शेवटचा दिवस. एकूण त्रेपन्न चष्मे झाले. ज्याच्यासाठी मांडलं तो एक सोडून. तरी मन का असं उड्या मारतंय?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं आणि दुकान भरलं. मान वर करायला फुरसत नव्हती. "पुढचे या," म्हटलं — तर समोर मामाजी! नितेशनं केव्हाच पाहिलं होतं म्हणे, पुढे बोलावलंही होतं. "लाइन हाय ना बापा," म्हणून पाऊण तास मागे उभे राहिले. काउंटरवर ओळखपत्र ठेवलं. ते आजवर मी पाहिलंच नव्हतं. फोटोत केवढे कोवळे!

"गफ्फारभाई घरी आले होते. सूट भेटते म्हणत होते."

खुर्चीत बसवलं, काचा लावल्या. अक्षरांचा तक्ता दाखवला, तर म्हणाले, "ते राहू दे, हे वाचतो." आणि भिंतीवरचा बोर्ड मोठ्यानं वाचायला लागले, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा:

"लांगरी, धोबी, न्हावी, ड्रायव्हर, शिपाई—"

थांबले. काचा पुसायला मागितल्या. मग परत पहिल्यापासून वाचलं.