धुतलेलं पिल्लू

मु. काळामाळ, ता. जत, जि. सांगली
दि. १२ मार्च २०२५, बुधवार

चिरंजीव धुळा यास आई हरणाबाईचा आशीर्वाद. मी बरी हाय, मेंढरं बरी हायती, तुझा गुडगा कसा हाय ते कळव. उद्या होळी. शिरवळात तुला कोन पोळी घालनार, का त्या कारखान्याच्या कँटीनचा भातच खानार? पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून खिशात ठिवू नको.

तर पैला आला तो आचारी. जीप ओढ्यापल्याड बंद पडलेली, आन हा गडी पोट पुढं, टोपी मागं, एक बूट हातात घेऊन चालत आपल्या अंगनात. मला म्हनतो, "आजी, ताक हाय का वाईच?" मी म्हनलं आधी नाव सांग. म्हनला जयराज, गाव लोणंद, मिल्ट्रीत आचारी हाय. मी म्हनलं, आचारी असून दुसऱ्याच्या दारात ताक मागतोस व्हय रं? लाजला बिचारा. दोन तांबे प्याला.

त्येच्या मागनं साहेब. उदयसिंह नाव, साताऱ्याकडचा, घरात तीन पिढ्या मिल्ट्री. बॉम्ब फुटून डावा कान गेलाय. त्या बाजूनं काय बी बोला, "व्हय व्हय" म्हनतो. मी इचारलं लगीन झालं का, व्हय व्हय. मी इचारलं झालं न्हाई का, व्हय व्हय. तिसरा आर्जव, सांगलीकडचा जैनाचा पोरगा, इंजनेर. त्यो खाली बघून चालतो, पायाखाली मुंगी सापडू नये म्हनून. मुंगी दिसली की थांबतो, ती गेली की निघतो. असा मानूस मिल्ट्रीत कसा टिकला म्हनून इचारलं, तर म्हनला, "आज्जी, टिकलो न्हाई म्हणून तर हितं पाठवलंय."

चौथं बी एक मानूस हुतं. ते मागनं सांगते.

आता ही मानसं कशाला आली ते ऐक. टीव्हीवर तुला आमच्या माळावरचा फुगा दाखवला आसंल. फुगाबिगा काय न्हवता. माघात एका सकाळी मी मेंढरं सोडत हुते, तवा टेकडीमागं आभाळातनं कायतरी पडलं. आवाज फार न्हाई, वल्लं पोतं पडल्यागत. जाऊन बघितलं तर खड्ड्यात एक गोळा. घमेल्याएवढा, अंग घोंगडीगत खरबरीत, आन ऊन. भोवतीनं काळी चिकट राख. हात लावला तर थरारला. धुळा, ह्या हातांनी हजारभर कोकरं धरलीती. जित्तं काय आन मेलेलं काय, मला डोळे झाकून कळतं. ते जित्तं हुतं.

दोन दिसांनी मिल्ट्री आली आन ते उचलून लांब कुटंतरी तपासायला घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी त्येची आई आली.

आई म्हनते ती मी. साहेबाच्या कागदात तिला लय लांब नाव हाय. आपल्या पाझर तलावाएवढी, राखाडी, आन येवढी आभाळात असून भुईवर सावली पडायची न्हाई. रोज न्याहरीच्या वक्ताला टेकडीवर खाली उतरायची, हुडकायची, आन असा आवाज काढायची की माझी मेंढरं चरायची थांबून माना वर करायची. कोकरू हरवलेली मेंढी कशी वरडती, तसाच. ती आली की मोटरी बंद, फोन बंद. पान्याचा टँकर ओढ्यापल्याडच थांबायचा. सारी वस्ती शाळेत ऱ्हायला गेली. धोंडुबाई मला म्हनाली, "हरणे, चल की, मरशील हितं." मी म्हनलं मेंढरं काय पैलीच्या वर्गात बसवू? ऱ्हायले हितंच. ओढ्यातनं दोन-दोन घागरी आनून मेंढरांना पाजल्या. तरी तीन गेली.

मग मिल्ट्रीनं पिल्लू माघारी आनलं. चांगले निवडक बारा जवान, पेटी खांद्यावर, डावा उजवा डावा उजवा करत टेकडी चढाया लागले. अर्ध्यात गेले न्हाईत तोवर बाराच्या बारा जन खाली बसले. वारा न्हाई, धक्का न्हाई. कुनी डोस्क्यावर हात ठिवून बसवल्यागत. तीन दिस हेच. आन चौथ्या दिवशी हा जयराज त्येंच्यासाठी चहाची किटली घेऊन मागनं गेला. पाय कुटंबी टाकत, धापा टाकत, त्येंना वलांडून पार टेकडीच्या डोक्यावर! वर जाऊन वरडला, "अरे, कप खालीच ऱ्हायले!" त्येला कायबी झालं न्हाई.

आर्जव म्हनतो, बारा जनांची पावलं एकदम पडली की तिला ते एकच मोठं जनावर वाटतं, ती भिती आन दाबून बसवती. म्हनून वरनं हुकूम निघाला. साऱ्या मिल्ट्रीतनं हुडकून हुडकून अशी मानसं आनली की ज्येंची पावलं कवायतीत कवाच जुळली न्हाईत. लय खास तुकडी हाय म्हनं, अशी देशात दुसरी न्हाई. तू तिकडं वॉचमन पोरांना दिसभर पावलं जुळवाया शिकवतोस, आन हितं न जुळनाऱ्यांना जीप, साहेब आन सलाम. मला तर लय हसू आलं.

पर ह्यांचं बी काम हुईना. हे वर जायचे, पिल्लू ठिवायचे, आई खाली यायची, पिल्लावर थांबायची, आन तशीच वर जायची. घ्यायची न्हाई. पाच दिस झालं, आन पिल्लू गार पडत चाललेलं. त्या दिवशी ताक पिताना साहेब हे सांगत हुता, मी ऐकत हुते. मी इचारलं, "तुमी त्येला धुतलं काय रं?"

आर्जव म्हनला, "हो आज्जी. सात वेळा. औषध घालून."

मी कपाळावर हात मारला. म्हनलं, लेकरांनो, धुतलेलं पिल्लू कुठली आई घेती? कोकरू पडल्या पडल्या आईनं चाटायच्या आत कुनी पुसून काढलं तर ती त्येला ढुशी मारून लांब करती. ती तोंड वळखत न्हाई, वास वळखती. तुमी तिचं लेकरू दवाखान्याच्या वासाचं करून आनलंय.

जयराज म्हनला, "मग मीठ चोळायचं का?" मी म्हनलं, भाजी हाय का ती!

साहेबानं ताकाचा तांब्या खाली ठिवला. येवढी शिकलेली मानसं, कुनी सांगितलं न्हाई म्हनला. तवा ते चौथं मानूस दारातनं बोललं, "मी चार दिस सांगत हुते साहेब, माझ्या आजीला इचारा म्हनून. तुमी डाव्या कानानं ऐकत हुता."

व्हय धुळा. रेश्माच ती.

पत्र फाडू नको. फोनवर तिचं नाव काढलं की तू कट करतोस, पत्र कट करता येत न्हाई म्हनून लिहाया बसले. रात-साळंत शिकलेली अक्षरं हायती, तीन दिस लागले हितपर्यंत याला. तीन वर्सांपूर्वी तू तिच्या मिल्ट्रीतल्या परेडला नवा फेटा बांधून गेलास, आन साऱ्या ओळीत एकट्या तुझ्या पोरीचं पाऊल चुकलं. माघारी आलास ते न जेवता झोपलास. मेंढराच्या चालीची पोरगी माझी न्हवं म्हनलास. तिनं दारातनं ऐकलं ते. तवापासनं ती ब्लँकेटांच्या गोदामात बसून हुती, कुनाला काय सांगितलं न्हाई.

अंगानं भरलीय आता. हसती तशीच, आधी डोळ्यांनी. आल्या आल्या मेंढरांत शिरली आन मुंडीला, त्या शिंगमोडक्या मेंढीला, हाक मारली. मुंडी आली की रं धावत! तीन वर्सांनी.

मग आमी दोघी पिल्लू घेऊन टेकडीमागच्या खड्ड्याकडं गेलो, मागनं आर्जव आन साहेब. पडल्या जाग्याची राख तशीच हुती, चिकट, भिजल्या लोकरीच्या वासाची. आर्जवनं कसलीशी नळी लावून बघितली आन म्हनला, "आज्जी, ही ह्याच्या अंगावरचीच हाय." म्हनलं ते मला नळीबिगर कळलंय. पिल्लू राखंत घोळलं, कानाकोपरा न ठिवता चोळलं. रेश्माच्या हाताला बी फासली, अंगावरच्या कपड्याला बी. चोळता चोळता ते वाईच ऊन झालं.

साहेबानं तिला इचारलं, तू एकटीच नेशील का? आमच्या तिघांच्या अंगाला साबनाचा वास हाय. ती हो म्हनाली. मग त्येनं सहज इचारलं, "रेश्मा, ही तुझी चाल आली कुठनं गं? जन्माची का?"

ती म्हनाली, "न्हाई साहेब. आजीनं दिली." आन माझ्याकडं बघून हसली.

धुळा, मी तिची नजर चुकवली. आता तुला सांगते, जे अठरा वर्सं सांगितलं न्हाई. ती शाळंत खेळताना पडली न्हवती. तू बॉर्डरवर हुतास, ती सात वर्साची. एका कोकराला शेंगा पायजे हुत्या म्हनून मीच तिला बाभळीवर चढवली. वरची फांदी मीच बोटानं दाखवली. फांदी मोडली. पाय मोडला. डागदराकडं न्यायचं तर जतला जावं लागत हुतं आन मेंढरांजवळ कोन न्हवतं, म्हनून मी गावच्याच हाडवैद्याकडनं बांधून घेतला. पाय बसला, पर अर्ध्या बोटानं आखूड. तिला म्हनलं बाला सांगू नको, बा रागावंल. तिनं सांगितलं न्हाई. तू मुद्दाम फरफटत चालती म्हनून तिला मारलंस, तवा बी न्हाई. परेडला तू पाठ फिरवलीस, तवा बी न्हाई. मी बी न्हाई.

तू मला काय बोलायचं ते बोल. ऐकून घेईन.

दुसऱ्या दिवशी न्याहरीच्या वक्ताला आई आली. रेश्मा पिल्लू उराशी धरून निघाली. मला म्हनाली, "आजे, तू बघू नको." मी बघितलं. एक पाऊल लांब, एक आखूड, मधी वाईच थांबा. आपली कळपामागची चाल. अर्ध्यात गेल्यावर ती वाकली, मला वाटलं बसवलं तिला बी. पर पायाखालचा दगड सुटला हुता, दुसरं काय न्हाई. उठली, गेली. वर जाऊन पिल्लू ठिवलं आन दोन पावलं मागं सरून उभी ऱ्हायली.

आई खाली आली. लय खाली, रेश्माच्या डोस्क्याला लागंल येवढी. पैलं पिल्लावर, मग रेश्मावर, मग परत पिल्लावर. साहेबानं टोपी काढली. आर्जवच्या पायावरनं मुंग्या चालल्या हुत्या, त्येला कळलं न्हाई. मग तिनं एक आवाज केला, रोजचा न्हवं. दूध प्यायला लागलेल्या कोकराला मेंढी घशातल्या घशात बोलती, तसा. आन माझी सगळी मेंढरं एकदम वरडली. पिल्लू उचललं गेलं. कसं ते दिसलं न्हाई. वाईच येळानं आभाळ मोकळं.

दुपारी टँकर आला. धोंडुबाई आली, वस्ती आली, पोरं आली. मी ज्वारीच्या भाकरी टाकल्या. आर्जव कांदा लसून खात न्हाई, म्हनून बिनलसनाची शेंगाची चटनी केली, आयुष्यात पैल्यांदा. चांगली झाली न्हाई, पर त्येनं तीन भाकरी खाल्ल्या, सूर्य बुडायच्या आत. जयराज माझ्या चुलीम्होरं बसून भाकरी थापाया शिकला. भाकरी बी त्येच्या पावलासारखीच.

साहेब जाताना म्हनला, आजी, तुमी दिलेली चाल कामाला आली. त्येला चांगलं वाटलं म्हनून बोलला. पोरीचा पाय मोडला ते मोडलाच. कामाला आला म्हनून मी सुटले न्हाई.

असंच आनखी एक पिल्लू वर बर्फात पडलंय म्हनं, आन त्येची आई तिकडं हुडकतीय. त्येला बी कुनीतरी धुतलंच आसंल. म्हनून हे चौघं तिकडं गेलेत. तिथली आई कशी वागंल ते साहेबाला बी ठावं न्हाई, त्येनं खोटं सांगितलं न्हाई. रेश्मानं माझी घोंगडी नेली. निघताना इचारलं, "आजे, बा हाय का बरा?" मी म्हनलं गुडगा दुखतोय. ती म्हनाली, "मला बी तोच दुखतो." आन जीपमधी बसली.

लेकरा, मेंढी पैल्यांदा ढुशी मारती. मग वास घेती. मग नुसती उभी ऱ्हाती, आन कोकरू आपसूक खाली शिरतं. तिनं काय बोलायला लागत न्हाई. तुझ्या ढुशा मारून झाल्या. त्या बी खरं तर मला मारायच्या हुत्या.

ज्या बोटानं फांदी दाखवली त्याच बोटात पेन धरून लिहिलं,
तुझी आई
हरणाबाई

ता. क. बर्फातनं सुटले की आधी हितं येतो म्हनून चौघांनी सांगितलंय. साहेबानं चांगल्या कानानं ऐकून दिवस ठरवलाय. तुझी सुट्टी बी त्याच दिवशी असती. मी ताटं सहा मांडनार हाय. रविवार, १३ एप्रिल, न्याहरीच्या वक्ताला.