गेट फुटलं की शिट्ट्या

३ एप्रिल, शुक्र.

पिक्चरचा पहिला दिवस, दुपारचा खेळ, श्रीरामपूर. शाळेतली मार्था येणार नव्हती, तिचा आज गुड फ्रायडे. एकटीच गेले. मुद्दाम कडेची खुर्ची मागून घेतली. तिथून पडदा तिरका दिसतो, पण माणसं सगळी दिसतात. पिक्चर मी मुंबईला पाहिलाय. मला माणसं पाहायची होती.

थेटर अर्धं भरलेलं. मंगळाचा लाल माळ दिसला तसा मागून एकजण म्हणाला, "हे तर पाथर्डीकडचं रान." हशा. तेवढ्यावर मी खूश.

मग आबा आला. मंगळावरच्या पाटाचं गेट सांभाळणारा. पाण्यात चंदेरी कागदाचा तुकडा सोडला आणि वेग बघायला काठाकाठानं त्याच्याबरोबर चालत गेला. मधल्या रांगेतले दोघं एकमेकांकडं बघून हसले. एकानं कोपर मारलं. ओळखलं मेल्यांनी.

शेवटी लोक आबाला ढकलून गेट फोडतात, सगळ्या वस्तीत पाणीच पाणी. शिट्ट्या, टाळ्या. एक म्हातारा चक्क उभा राहिला.

माझ्या 'तांबडी चारी'त गेट फुटत नाही. स्वतःच्या घुमटातली झाडं वाळतात तरी आबा ते पाण्याच्या पाळीआधी उघडत नाही, कादंबरी तिथंच संपते. पिक्चरमधला आबा स्वतःसाठी पाणी दाबून ठेवतो. नेमकं उलटं. करारात होतंच, बदल करायचे हक्क त्यांचे. सही माझी.

आबा म्हणजे आमचे नाना. माझे थोरले भाऊ. फक्त ते कागद नाही, लिंबाचं पान सोडतात. आमच्या अख्ख्या चारीला, म्हणजे पाटाच्या त्या फाट्यावरच्या सगळ्या शेतकऱ्यांना, हे माहीत आहे. नाना काय म्हणतील, आता ही एकच धास्ती. वडलांच्या माघारी मला त्यांनीच शिकवलं. बोलायचे थांबले तर...

४ एप्रिल, शनि.

दिग्दर्शकाचा फोन. पोरगा गोड बोलतो, राग धरता येत नाही. "मॅडम, पुण्यात लोक रडत बाहेर पडतायत." म्हटलं, आबासाठी? "छे छे, पाण्यासाठी." आबाला कशाला वाईट केलास विचारलं. म्हणाला, "मॅडम, दोन तास माणसं खुर्चीत अंग आवळून बसतात. शेवटी काहीतरी फुटावं लागतं."

चिडायला हवं होतं. पण दिवसभर त्याचंच वाक्य डोक्यात. खरंच लागतं का?

६ एप्रिल, सोम.

मार्थाला घेऊन पुन्हा गेले. एका शाळेत एवढी वर्षं काढली, मी विज्ञान, ती इतिहास. वाटेत तिला सगळं सांगितलं, कारण कादंबरी तिनं अर्धीच वाचलीय (स्वतःच कबूल करते, लाजत नाही).

सांगितलं ते असं. राहात्याजवळ आमच्या चारीला पाटाचं पाणी पाळीनं येतं. आधी टेलला, म्हणजे पार शेवटच्या शेताला, मग एकेक शेत मागं मागं येत मुखाशी, म्हणजे चारी सुरू होते तिथं. नाहीतर मुखाजवळचेच सगळं पिऊन टाकतील आणि शेवटच्याला चिखल. आमचं शेत मुखाशी, म्हणून आमची पाळी शेवटी. नाना पाणी वापर संस्थेचे चेअरमन. मी नगरला हॉस्टेलवर होते त्या उन्हाळ्यात पाणी कमी आलं. आमच्या पेरूच्या बागेच्या कडेनं वाहत टेलला गेलं आणि आमची पाळी यायच्या आत आवर्तन, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, बंद. बाग गेली. नानांनी पाळी मोडली नाही. त्यावरून कादंबरी.

मार्था म्हणाली, "म्हणजे चांगला माणूस." हो म्हटलं. "आणि तू त्याला मंगळावर का नेऊन ठेवलास?"

लांब ठेवला की बरा दिसतो म्हणून असेल.

गेट फुटलं तेव्हा शिट्ट्या आणि शिट्ट्या. मी मोजून माणसं बघत होते. शिट्टी मारणारे सगळे बागायती पट्ट्यातले, अंगावरनंच कळतं. ह्यांना कळत नाही का, गेट फोडलं की टेल मेला? सगळं कळतं. तरी मारतात. हे मला समजलेलं नाही.

मार्थाही टाळ्या वाजवत होती. बाहेर आल्यावर म्हणते, "हात आपोआप गेले गं."

९ एप्रिल, गुरु.

वहिनींचा फोन. गावातून टेम्पो भरून पिक्चरला गेले. गावात त्याचं नावच पडलंय, 'नानाचा पिच्चर'. नाना गेले नाहीत, द्राक्षाच्या... नाही, डाळिंबाच्या फवारणीचं निमित्त काढलं. येताना टेम्पोवाले आमच्या दारापुढं थांबून ओरडले, "नाना, गेट फोडा."

"मग नाना काय म्हणाले?"

"हसले. म्हनले, च्या घ्या."

हसले म्हणजे कसे हसले, हे फोनवर विचारून कळत नाही.

१२ एप्रिल, रवि.

पारनेर. एका कॉलेजच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवला, नंतर लेखिकेशी गप्पा. हॉलमध्ये पोरं कमी, त्यांच्या आया, मावश्या जास्त. इथं पाट नाही, चारी नाही. पाऊस पडला तर पीक, नाहीतर टँकर.

गेट फुटलं आणि एकही शिट्टी नाही. मी कान टवकारून बसलेले. टाळ्या वाजल्या, पण त्या शेवटी, पाहुण्यांना वाजवतात तशा.

एक बाई उठल्या. "फोडलं ते बरं केलं. पन दुसऱ्या दिशी त्या जागंवर कोन बसलं?" म्हटलं, पिक्चर तिथंच संपतो. "ते बघितलं की. मी इचारते, बसलं कोन?" सगळे हसले, त्या हसल्या नाहीत.

मग एका मुलीचा प्रश्न. ह्या आबाचं लग्न झालेलं होतं का? घरी त्याला कोण काय म्हणायचं? पोरं खिदळली. मी काहीतरी गंभीर उत्तर देऊन वेळ मारून नेली.

एस.टी.त बसल्यावर कळलं की पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलंय. पूर्ण कादंबरीत मी आबाच्या घरात एकदाही गेले नाही. आबा गेटावर, आबा पाटावर, आबा सभेत. घरी गेल्यावर तो काय करतो, मला माहीतच नाही. राग आला. तिचा नाही, माझाच.

१७ एप्रिल, शुक्र.

उन्हाळी आवर्तन सुटलं. आणि वहिनींचा फोन, आवाज चढलेला. सकाळी नाना चारीवर गेले तर मुखाकडच्या शेतांत पाणी सोडणाऱ्या गेटाचं कुलूप तोडलेलं, गेट वर उचललेलं. मुखाजवळच्याच कुणाचं तरी काम. नानांनी गेट खाली केलं, दुसरं कुलूप घातलं आणि तिथंच बसले. जेवायलाही आले नाहीत.

"सुमनताई, तुमचा पिच्चर झाला मजेत. हिकडं ह्यांनी ह्या वयात गेटावर राखन करायची. पोरं जाता-येता पिच्चरातली वाक्यं म्हनत्यात."

कुलपं आधीही तुटली असतील. पण आधी तोडणारा चोर होता, आता हिरो झाला, तो माझ्यामुळं. झोंबलं.

१८ एप्रिल, शनि.

पेपर तपासायचे सोडून गावी गेले. नाना चारीच्या पुलाच्या कठड्यावर, डोक्याला टॉवेल. वहिनींनी दिलेला डबा मी नेला. दोघांनी तिथंच खाल्लं. शाळेचं विचारलं, आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं विचारलं. पिक्चरचं नाव नाही.

शेवटी मीच म्हटलं, "नाना, मी तसं लिहिलं नव्हतं. त्यांनी बदललं."

"आसंल."

"पुस्तकात तुम्ही... आबा चांगला आहे."

"मी वाचलं न्हाई गं." भाकरी मोडत राहिले. मग, "लोकं लई हसले का?"

म्हटलं, हसले नाहीत, शिट्ट्या मारल्या.

"कवा?"

"गेट फोडतात तेव्हा."

नानांनी उरलेली भाकरी डब्यात ठेवली. "आवर्तन संपू दे. मंग बघू."

काय बघू? पिक्चर, की मला? विचारायचं धाडस झालं नाही. बावन्न वर्षांची बाई, शाळेत पोरं माझ्या आवाजानं हलतात, आणि नानांपुढं जीभ टाळूला.

२५ एप्रिल, शनि.

आवर्तन बंद झालं. वहिनी सांगतात, ह्या वेळी आपल्यापर्यंत पाणी पोचलं, भागलं एकदाचं. नाना घरी येऊन दिवसभर झोपले. संस्थेच्या बैठकीत एकानं म्हटलं म्हणे, आता चेअरमन बदलू या, जुनं माणूस झालं. नाना म्हणाले, बदला.

श्री.पूरला आता एकच खेळ उरलाय, दुपारचा. तो निघाला की सुटले एकदाची, असं वाटतं. आणि नानांनी पाहिल्याशिवाय निघाला तर चुटपुट राहील, असंही वाटतं. माझं मला कळेना.

२८ एप्रिल, मंगळ.

शाळेतून आले तर नाना ओट्यावर बसलेले. इस्त्रीचा सदरा. "चल, तुझा पिच्चर दाव."

थेटरात दहा-बारा टाळकी. नानांना मधोमध बसवलं, मी शेजारी. आज पडद्याकडं बघितलंच नाही, नानांकडंच.

मंगळाचं रान बघून काही नाही. घुमट बघून काही नाही. आबानं चंदेरी कागद सोडला तसे पुढं वाकले. "येडा हाय का ह्यो? वारं सुटलं की कागद उडंल. पान टाकावं." म्हटलं, मंगळावर पान कुठलं. "मंग मापतो कशाला?"

आबा पाणी दाबतो तिथं नानांची खुर्चीच्या दांडीवरची बोटं हलायची थांबली. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मनात नुसतं चाललेलं, नाना माफ करा, नाना माफ करा.

मग लोक आले. आबाला ढकललं. पहार बसली, गेट फुटलं. थेटरात कुणी हललं नाही, दहा-बारा माणसांत कोण शिट्टी मारणार?

नानांनी दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. कडक, लांब. पुढचे दोघं वळून बघायला लागले.



बाहेर चहाच्या गाडीवर विचारलं. "नाना, शिट्टी तुम्ही मारलीत?"

"मंग कोनी?" बशीत चहा ओतला. "लई वरसं वाटत हुतं, कुनीतरी फोडावं."

"तुम्हाला?"

"आपली बाग वाळाय लागली तवा मीच गेल्तो की. कुदळ घिऊन. पानी बांधाच्या कडंनं चाललं हुतं, बांधावर नुसतं चार घाव घालायचं काम, की पानी बागंत."

"मग?"

बशी खाली ठेवली. तोंड पुसलं. "राहात्याची गाडी किती वाजता हाय? ह्या वेळंला गर्दी आसती."

स्टँडवर सोडलं. खिडकीतून म्हणाले, पिच्चर बरा हाय, आवाज जास्त. गाडी गेली. मी तिथंच बाकावर बसून राहिले, ह्यांचा फोन येईस्तोवर.

२९ एप्रिल, बुध.

रात्रभर नीट झोप नाही. पंधरा वर्षं त्या कादंबरीत घालवली. माझ्या आबाला एकदाही मोह होत नाही. सरळ उभा, खांबासारखा. मी कौतुक म्हणून लिहिलं. त्या दिग्दर्शकानं चोर केला, मी देव केला. कुदळ घेऊन निघालेला माणूस दोघांनाही दिसला नाही. तो पोरगा निदान फोडून तरी मोकळा झाला.

आणि नाना चिडलेले नाहीत. एवढी धास्ती घेतली, ती कशाचीच नव्हती. जीव भांड्यात पडायला हवा, तर पडेना. नवंच खूळ शिरलंय: घाव का घातला नाही? कुणी आलं का? टेलच्या कुणाची आठवण झाली? घातला आणि परत बुजवला? की नुसतेच उभे राहिले?

दुपारी राहवेना. वहिनींना फोन. नाना शेतात गेलेले, बरं झालं.

"वहिनी, बाग गेली त्या वर्षी नाना कुदळ घेऊन चारीवर गेले होते. तुम्हाला ठाऊक होतं?"

पलीकडं भांड्याचा आवाज थांबला.

"कुदळ मीच दिल्ती हातात."

मग विचारलं, "आणि परत आले तेव्हा काय म्हणाले?"

"काय न्हाई. कुदळ कोपऱ्यात ठिवली, हात-पाय धुतले. म्या ताट वाढलं."

"का परत आले, विचारलं नाहीत?"

"न्हाई."

"एवढ्या वर्षांत?"

"न्हाई इचारलं," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीबी न्हाई इचारलं, कुदळ का दिलीस म्हनून."