कडेचंही दाखवणारं भिंग

मु. पो. पुसेगाव, ता. सेनगाव

आदरणीय व्याही प्रेमदास गुरुजी यांना नरसिंगचा मानाचा जय भीम. विहीणबाईंनाही सांगावा.

इकडे माझा डावा गुडघा सोडला तर सगळे ठीक आहेत. तुमची तब्येत विपश्यनेमुळे बराबर असणारच. (आमच्या जनकाबाई रोज तुमचं उदाहरण देतात. नेमकं जेवताना देतात, म्हणून घास अडकतो.) फोन करणार होतो, पण सूनबाई शीतल आठ दिवस माहेरी तुमच्याकडे आहे आणि तुमचा फोन तीच उचलते. तेव्हा हे पत्र पोस्टमनच्या हातून स्वतः घ्यावं आणि गच्चीवर जाऊन वाचावं.

विषय आपल्या नातीच्या भिंगाचा आहे. (प्रियदर्शनी लेन्स म्हणते. मी सातवी नापास, मला भिंगच बरं.) पुढच्या महिन्यात ती लडाखला डोंगरांचे फोटो काढायला चालली. त्यासाठी चौदा नंबरचं घ्यावं की चोवीसचं, हे ठरेना म्हणून तिने दोन्ही नांदेडहून भाड्याने आणली. मागच्या रविवारी आपण दोन्ही घरची माणसं सिद्धेश्वर धरणावर गेलो, तिथे तिने दोन्ही भिंगांनी एकाच जागेवरून फोटो काढले, मग छापून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "दोन्ही आजोबा मिळून ठरवा, मी तेच घेते." लेकराने एवढा मान दिला, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

मला आधी वाटलं, चोवीस म्हणजे दहाने जास्त, त्यात जास्त मावत असेल. उलटंच निघालं. आकडा जेवढा लहान तेवढी हाव मोठी. चौदाच्या भिंगात पाणी, आभाळ, भिंत, रस्ता, रस्त्यावरची दुकानं, सगळं येतं आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तो डोंगर वारुळाएवढा दिसतो. आमच्या ग्रामसभेत असंच होतं, सगळे विषय घेतात आणि नळाचा तेवढा राहतो. शिवाय त्याची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. लडाखच्या धुळीत ती टिकायची कशी? डोंगर बारका दिसतो म्हणून पुढ्यात काहीतरी ठेवायचं असतं म्हणे, तर तिने एका फोटोत पुढ्यात मला उभं केलं आणि स्वतः खाली बसून काढला. माझी चप्पल होडीएवढी आली आणि डोकं सुपारीएवढं. पंधरा वर्षं पंच होतो गुरुजी, ती सगळी पंचकी त्या चपलेखाली गेली.

आपण एकट्याच्या मताने बोलू नये म्हणून सेनगावला जाऊन रूपसिंगला विचारलं. (हा लग्नाची शूटिंग करतो.) तो म्हणाला, "काका, ह्या भिंगात मधला माणूस सुखी, कडेचा बरबाद. एका लग्नात नवरीचा मामा कडेला आला, त्याचं पोट पार डेगचीवानी ताणलं. मामा अजून माझ्याशी बोलत न्हाई."

"मग लोक काहून वापरतात?"

"बारका मांडव मोठा दिसतो काका. लोकाला त्येच पाहिजे."

आता माझी अडचण सांगतो. शीतलने मला बजावलेलं तुम्हाला माहीत आहे. "बाबा, आता एकदा जरी गोड खाताना सापडले, तर पुण्याला नेऊन डोळ्यापुढं ठेवीन." वर म्हणाली, हा नियम माझ्या वडिलांनाही आहे, पण त्यांना गरज पडणार नाही. पुण्याला त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. खाली बसायला पार नाही, बोलायला माणूस नाही, सकाळी उठून कारल्याचा रस. मी मातीतला माणूस, महिनाभरात वाळून जाईन. त्या रविवारीही तुम्ही जांभळीखाली ध्यानाला बसतो म्हणून निघालात आणि जाताना मला मिताहारावर चार शब्द सांगितलेत. ते घोळवत मी गुडघा मोकळा करायला रस्त्याकडे गेलो. असो.

तर माझं मत चोवीसला आहे. तुम्ही तीस वर्षं चित्रकला शिकवली, पोरगी तुमचं ऐकेल. कलेच्या दृष्टीने थोडंच दाखवलेलं चांगलं, असं तिला समजावावं.

आपला व्याही,
नरसिंग

ता. क. खरं काय ते तुमच्यापासून लपवत नाही. चौदाच्या दुसऱ्या एका फोटोत, नुसत्या डोंगराच्या, उजव्या कोपऱ्यात पिवळ्या ताडपत्रीचं दुकान आहे आणि तिथे पांढऱ्या टोपीत मी आहे, हातात जिलेबी. कॅमेऱ्याचं तोंड डोंगराकडे होतं, मी पार एका अंगाला होतो, कोणत्याही न्यायाने मी त्यात यायला नको होतो. कडेला आल्यामुळे ती जिलेबी ताणून सायकलच्या चाकाएवढी झाली आहे. (दोनच घेतल्या होत्या.) पोरीचं लक्ष डोंगरावर, तिच्या ध्यानात आलेलं नाही. पण हाच फोटो तीन फूट मोठा करून ती आईला देणार आहे, पुण्याच्या बैठकीत लावायला. तेव्हा भिंग कोणतंही घेऊ द्या, पण हा कोपरा तेवढा कापायला सांगा. चित्रकलेत त्याला काहीतरी आधार असेलच.

ता. क. दुसरं. हे वाचून तुम्ही हसाल आणि विसराल, असं वाटलं म्हणून वाचायचं भिंग लावून डावा कोपराही पाहिला. जांभळीचं झाड स्पष्ट आलं आहे. खाली कोणी नाही. झाडापलीकडे एक गाडा आहे, तिथे तुम्ही उभे आहात, हातात गुलाबजामांचा द्रोण. डोळे मिटलेले आहेत, तेवढं ध्यान खरं. तेव्हा कापायचे तर दोन्ही कोपरे कापायला सांगा. नाहीतर शीतलच्या घरी पाहुण्यांची खोली एकच आहे आणि रस दोन पेल्यांत गाळायला तिला काही तकलीफ नाही. खिडकीकडची खाट मी आत्ताच मागून ठेवतो.