मौनातला खटका

अकोला
नवरात्रातला दुसरा दिवस

प्रिय श्याम,

प्रिय लिहिलं खरं, पण दात आवळून लिहिलं आहे. तुझ्या कॅमेऱ्यानं सारा पावसाळा माझं डोकं खाल्लं. तुझी सून आरती तो घेऊन दुकानात आली, वाइंडिंग भरायला आलेल्या पाण्याच्या मोटारींमध्ये जागा करून तिनं बॅग ठेवली आणि म्हणाली, "काका, बाबांनी निरोप दिला. लकव्यानं माहा उजवा हात गेला, आता हा सहदेवले दे. शिकून घे म्हणा, अन् कोजागिरीनंतर मोझरीले तूच जा म्हणा." एवढं बोलून ती पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, गेल्या वर्षीचं होतं ते.

मी हो म्हणालो. त्यात थोडी ऐटही होती. मूर्तिजापूरच्या स्टेशनबाहेर लाकडी खोक्यात बसून पंखे दुरुस्त करणारा माणूस मी. आज विहिरीतली मोटार नुसती चालू केली तरी कोणतं बेअरिंग खातंय ते बांधावर उभा राहून सांगतो. मुठीत मावणारं हे यंत्र, त्याचं काय एवढं, आठवड्यात उरकू, असं वाटलं. लेका, आठवडा काय घेऊन बसलास!

पहिला रोल तुला ठाऊकच आहे. मूर्तिजापूरला जाऊन शकुंतला रेल्वेचे गंजलेले रूळ काढले, जंक्शनवरचा चहावाला काढला, एक शेळी तर अशी उभी राहिली की जणू तिला कुणी बोलावून आणलं होतं. पुण्याहून रोल धुणाऱ्या पोराचा फोन आला, "काका, अख्खा रोल कोरा आहे." लेन्सवर झाकण होतं! आता माझ्या दुकानात तांब्याचा भुगा आणि रस्त्यावरून येणारी काळ्या मातीची धूळ. उघडं दिसलं की झाकायचं, ही हाताला लागलेली सवय. फोटो झाला की मी इमानदारीनं झाकण लावायचो आणि पुढच्या वेळी काढायचं विसरायचो. पण मला सांग, हा कसला कॅमेरा? बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लेन्स झाकलेली असली तरी खिडकीतून सारी दुनिया लख्ख दिसते. फोनवर मी तुला शिव्या देत होतो आणि तू हसलास. आजारपणानंतर पहिल्यांदा हसलास. एका बाजूनं, ट्यूबमधून हवा निघाल्यासारखं. मी शिव्या आणखी थोड्या लांबवल्या.

मग ती अठ्ठावीसची लेन्स. रुंद नजरेची म्हणे. सगळं आत घेते आणि आत घेतलेल्याला मुंगीएवढं करून टाकते. दुसऱ्या रोलमध्ये अकोल्याचा भाजीबाजार काढला, तर अर्धा फोटो रस्ता, अर्धा आभाळ आणि मध्ये मोहरी सांडावी तशी माणसं. तू म्हणालास, "जवळ जा." गेलो. "आणखी जवळ. चपलेले चपल लागली पाहिजे." आता परक्या बाईच्या चपलेला चपल लावून उभं राहिलो तर या वयात काय ऐकून घ्यावं लागेल, ते अमरावतीच्या राजापेठेत पलंगावर बसून तुला कसं कळणार? म्हणून घरच्याच माणसावर प्रयोग केला. माणिकबाई भाकरी थापत होती. तुझ्या सांगण्याप्रमाणे ताटाला गुडघा टेकेपर्यंत जवळ गेलो. फोटो आला, त्यात थापणारा हात परातीएवढा आणि मागं तोंड लिंबाएवढं. बायको बरोबर तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती अशी, "माहा हात सुजला दिसते. त्या अमरावतीच्या फोटोवाल्या डॉक्टरले दाखवा, ज्यानं हे यंत्र धाडलं."

अंतर जुळवायची तर आणखी तऱ्हा. छोट्या खिडकीत पिवळट चौकोन, त्यात माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवून दोघांचा एक करायचा. मग तिथून डोळा काढून वरच्या दुसऱ्या खिडकीला लावायचा, कारण या लेन्सला पहिली खिडकी अपुरी पडते. दोन माणिकबाईंची एक करेपर्यंत ती एक उठून चुलीकडे जायची. मी वैतागून कॅमेरा पेटीत टाकला आणि तुला सांगितलं, घेऊन जा तुझी डबी. तेव्हा कुठं तू तोंड उघडलंस, "रिंग फिरवतोच काहून? काटा सहा फुटांवर ठेव, लेन्सचं छिद्र आठवर ठेव, अन् विसरून जाय. चार फुटांपासून चौदा-पंधरापर्यंत सगळं साफ येते. ह्या लेन्सले रिंग फिरवणारा हात लागतच नाही." अबे, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? त्या दिवशी तुझ्यावर इतका चिडलो की जेवलो नाही. पण तुझं ते शेवटचं वाक्य कानात राहिलं. माझ्या कानात काही गेलं की ते तिथंच घर करतं, तुला माहीत आहे.

मोझरीची आठवणही अशीच राहिली आहे. तिथल्या आश्रमात राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीच्या मौनाला तू मला एकदाच ओढून नेलं होतंस. मला वाटलं होतं, गर्दीतलं मौन म्हणजे खोकणं, लहान लेकरं, कुणाचा तरी फोन. पण ती वेळ झाली आणि एवढी मोठी गर्दी अशी थांबली की लांब हायवेवरच्या ट्रकचा गिअर बदललेला मला ऐकू आला. मग त्या शांततेत पेपरवाल्यांचे मोठे कॅमेरे सुरू झाले, खटाखट, खटाखट, पत्र्यावर गारा पडाव्या तसे. तू मात्र माणसांच्या मधोमध होतास, एका म्हाताऱ्याच्या इतक्या जवळ की त्याचा श्वास तुझ्या काचेवर बसावा. त्याचे डोळे मिटलेले होते आणि मिटलेलेच राहिले. तुझ्या कॅमेऱ्याचा आवाज फक्त मला आला, कारण मी तुला चिकटून उभा होतो. टिच. वाळलेली शेंग उकलावी एवढाच. परत येताना तू गाडीत म्हणालास, "मौनात मशीनच बोललं तर मौन कोणाचं झालं?" तेव्हापासून दर वर्षी तू जातोस. आणि या वर्षी म्हणतोस, मी जावं.

चौथा रोल पाहून तू फोन केलास, "दारू पिऊन काढले काय बे?" सगळे फोटो तिरपे. बाजारातले हातगाडे उतारावरून घसरत चाललेले, माणिकबाई भिंतीसकट पडायला आलेली. पाचवाही तिरपा, पण कमी. सहाव्यात मात्र तो संत्र्यांचा ढीग रचणारा माणूस आला. त्याचे दोन्ही हात समोर, संत्री जिवंत, मागं सारा बाजार जागच्या जागी आणि सगळं सरळ. तुझा फोन आला, "जमलं तुले. आता ठेवून घे तो तुह्याच जवळ." माझ्या जिवाला बरं वाटायला हवं होतं, नाही? पण श्याम, बटण बंद केल्यावर मोटार लगेच थांबत नाही. जराशी फिरत राहते आणि तिचा आवाज हळूहळू खाली उतरत जातो. तुझा आवाज तसा उतरला. "ठेवून घे" म्हणताना तर जवळजवळ थांबलाच.

त्यावर मी काय केलं, ते आता सांगतो. बोलता बोलता फोनजवळ कॅमेरा धरला आणि खटका दाबला. तुझा श्वास अडकला. थोड्या वेळानं पुन्हा दाबला, पुन्हा अडकला. ज्याला कॅमेऱ्यापासून सुटायचं असतं त्याचा श्वास असा अडकत नाही. आणि कॅमेरा परत हवा का, एवढं तुला विचारलं की तू लगेच विषय बदलतोस: आरतीची शाळेतली नोकरी, राजापेठेतली गर्दी, तुझी फिजिओथेरपी. म्हणून फोन ठेवला आणि कागद घेतला. कागदाचा विषय तुला बदलता येणार नाही.

तर ऐक. ते तिरपे फोटो मी डाव्या हातानं काढले. नुसत्या डाव्या हातानं. उजवा हात दुपट्ट्यानं कंबरेला बांधून अकोल्याच्या भाजीबाजारात फिरलो. केशरबाई मेथीवाली ओरडली, "सहदेवभाऊ, बायकोनं बांधून धाडलं काय?" सारा बाजार हसला. तुझ्या बॅगेच्या तळाशी खटका दाबायची ती लांब वायर होती. माझ्याकडे एका जळालेल्या ड्रिल मशीनची मूठ होती. मूठ कॅमेऱ्याच्या बुडाला आटे पाडून बसवली, वायर तिच्या घोड्यापर्यंत आणली. डाव्या मुठीत धरायचं आणि घोडा दाबायचा, बस. रोल ओढायची कळ उजवीकडेच आहे, तिला इलाज नव्हता. कॅमेरा गळ्यात असू दे, छातीशी टेकव आणि डाव्या अंगठ्यानं वरून ओढ. चार-दोन दिवस चिडशील. मी तर महिनाभर चिडलो. रिंग फिरवायला हात लागतच नाही, हे तूच म्हणालास. आधी त्या मुठीमुळे फोटो तिरपे यायचे, म्हणून तिला कानस मारली, आणि संत्रीवाला सरळ आला. तेव्हा मला जमलं असं तू म्हणालास ते चूक. मूठ जमली. फोटो काढणं मला जमलेलं नाही आणि मी ते शिकणारही नाही. सांभाळायला दिलेली वस्तू मी सांभाळली, आता या पत्राखालीच तुला ती मिळेल, रोल भरून. काटा सहा फुटांवर आहे. झाकण मी फेकून दिलं.

कोजागिरी झाली की गाडी घेऊन येतो. आरतीला सांग, डबा नको, माणिकबाई भाकरी देणार आहे, त्याच सुजलेल्या हातानं. काठी घरी ठेव, डावा हात कॅमेऱ्याला मोकळा हवा. तिच्याऐवजी उजवीकडे मी उभा राहीन, गर्दीचा धक्का माझ्या अंगावर. माझ्या खांद्यावर बिनधास्त भार टाक आणि त्या माणसांच्या मधोमध, चपलेला चपल लावून उभा राहा. मौन सुरू झालं की मी डोळे मिटून नुसता कान देऊन राहीन. बाकी कोणाले ऐकू आलं नाही तरी चालते. मले तो खटका ऐकू आला पाहिजे.

तुझाच, आणि त्या दिवशी तुझ्या उजव्या बाजूचा,
सहदेव