न झालेली दुर्बीण

अप्पा, मागच्या आठवड्यात मामांना अहमदपूरहून मी काम करते त्या नांदेडच्या दवाखान्यात आणलं. तीन महिन्यांचा खोकला, थुंकीतून रक्त. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण करू, नाकातून बारीक नळी घालून फुप्फुसात बघू, तुकडा काढून तपासू. मामा उठले आणि थेट चपला घालायला लागले. म्हणाले, "दाजीची दुर्बीण केली आन् दाजी वर्षाच्या आत गेले. मला न्हाई करायची." तेव्हा तुमचा असा राग आला की हातातला ट्रे मला खाली ठेवावा लागला.

तुमची दुर्बीण झालीच नव्हती. लातूरच्या दवाखान्यात आई आणि मी बाकावर बसलोय, तुम्ही हिरवा गाऊन घालून आत जाताय. तासाभरानं शर्टाची बटणं लावत बाहेर येता आणि सांगता, झालं, काही निघालं नाही. आई रडायलाच लागते. पुढे सहा महिने तुम्ही दाळ मिलच्या धुळीत खोकत उभे राहिलात. छातीत पाणी झालं तेव्हा नांदेडला आणलं. बरगड्यांमधून सुई घालून बाटलीभर लालसर पाणी काढलं. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. आई औषधं आणायला गेली होती. तुम्ही भिंतीकडे बघत मला म्हणालात, "केलीच न्हाई मी. घशात फवारा मारला तसा जीव घाबरला. नको म्हणून सही करून उठून आलो. आईला सांगू नको, माझी शपथ हाय." पाण्यात कॅन्सर निघाला. मी एकोणीस वर्षांची होते.

तुम्ही गेलात आणि आई लग्नात, बारशात, दिसेल त्याला सांगत सुटली की दुर्बिणीनंच माणूस खचला. तिचं ऐकून नात्यातली एक काकू तपासणीला आलीच नाही; आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रोज लोकांच्या घशात तोच फवारा मारते. सगळेच घाबरतात, अप्पा. त्याचं काही नाही. पण बाहेर येऊन आम्हाला खोटं का सांगितलंत? आणि सांगितलंत तर निभावायला मला का ठेवलंत?

मी शपथ मोडली. मामांना म्हणाले, "अप्पांची केलीच नव्हती. ते उठून आले होते." मामांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, आक्काला माहीत हाय का? मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांची दुर्बीण झाली, डोकं मीच धरलं होतं. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्यात, बरे होतील.

रविवारी आईकडे गेले. ती शेजारणीला सांगत होती, भावाचं नशीब चांगलं, दुर्बीण करूनही वाचला. मी समोर बसून जेवले आणि एसटीनं परत आले. हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.